दोन रकान्यांतील दिनक्रम

साम्राज्यांचा इतिहास लढायांच्या सनावळीने सांगण्याचा प्रघात आहे, आणि भाषांचा इतिहास महाकवींच्या नामावळीने. रोमन लोक ग्रीक भाषा शिकले असे म्हटले, की होमरची महाकाव्ये, डेमॉस्थेनिसची भाषणे आणि प्लेटोचे संवाद डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु कोणतीही परकी भाषा महाकाव्यापासून शिकावयास प्रारंभ करता येत नाही. पाणी, भाकरी, वहाणा, दिवा, दार यांना त्या भाषेत काय म्हणतात, हे आधी कळावे लागते. रोमन साम्राज्यातील मुले हे शब्द कशी शिकत असत, हे सांगणारे एक जुने पाठ्यपुस्तक सुदैवाने काळाच्या तडाख्यातून वाचले आहे. त्याच्या कर्त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. उच्च वाङ्मयात त्याची गणना कधी झाली नाही. एका मुलाचा सकाळपासूनचा दिवस, हाच त्याचा मुख्य विषय. तथापि ग्रीक व लॅटिन या दोन थोर भाषांचा सहवास कसा जुळला आणि पुढे कसा तुटला, याची पुष्कळशी उकल या साध्या दिनक्रमातून होते.

इ. स. पूर्व 146 मध्ये रोमन सैन्याने कोरिंथ नगर उद्ध्वस्त केले आणि ग्रीसचे राजकीय स्वातंत्र्य संपुष्टात आले. ग्रीक भाषेचे राज्य मात्र संपले नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील व्यापार, वैद्यक, गणित आणि तत्त्वचिंतन हे सारे याच भाषेतून चालत होते. रोममधील सुखवस्तू घराण्यांत ग्रीक येणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण होऊन बसले. सिसेरो अध्ययनासाठी अथेन्स व ऱ्होड्स येथे गेला, आणि अ‍ॅटिकस या आपल्या मित्रास पत्रे लिहिताना लॅटिन मजकुरात ग्रीक शब्द सहजपणे पेरू लागला. पहिल्या शतकाच्या अखेरीस वक्तृत्वशिक्षणावर बारा भागांचा ग्रंथ लिहिणाऱ्या क्विंटिलियनने तर मुलाच्या शिक्षणाचा आरंभ ग्रीकपासूनच करावा, असा सल्ला दिला आहे. लॅटिन चहूकडे बोलली जाते, ती मूल आपोआप उचलील, असा त्याचा युक्तिवाद होता. मात्र केवळ ग्रीकच फार काळ बोलू देऊ नये, नाही तर मुलाच्या उच्चारात परकेपणा शिरेल आणि ती खोड पुढे जाणार नाही, अशी सावधगिरीची सूचनाही तो लगेच देतो. इंग्रजी शिक्षणाच्या काळापासून आपल्याकडे ज्या प्रश्नाचा काथ्याकूट चालला आहे, तो प्रश्न इतका जुना आहे.

अशा घरांतील मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी जी पुस्तके तयार झाली, त्यांना ‘हेर्मेनेउमाता’ म्हणजे ‘अर्थ उलगडणारे पाठ’ असे ग्रीक नाव आहे. चौथ्या शतकातील दोसिथेउस नावाच्या वैयाकरणाच्या व्याकरणाबरोबर त्यांपैकी काही हस्तलिखिते एकत्र बांधली गेली, म्हणून ती त्याच्या नावावर खपली. वस्तुतः ती त्याची नव्हेत. त्यांतील एका भागाच्या लेखकाने आपण अमुक दिवशी ही नक्कल केली, अशी नोंद त्या वर्षाच्या कॉन्सलांची नावे देऊन केली आहे. तो दिवस इ. स. 207 मधील 11 सप्टेंबरचा येतो. म्हणजे दोसिथेउसच्या कितीतरी आधी हे साहित्य वापरात होते.

या पुस्तकांची मांडणी मोठी व्यवहारी आहे. पृष्ठावर दोन अरुंद रकाने. एकात ग्रीक, शेजारी लॅटिन. प्रत्येक ओळीत एक, दोन किंवा फार तर तीन शब्द. ‘आर्तोस’च्या शेजारी ‘पानिस’, म्हणजे भाकरी. ‘हिदोर’च्या शेजारी ‘आक्वा’, म्हणजे पाणी. वाक्य लांब असले तरी ते तोडून ओळीओळीने खाली उतरते, त्यामुळे कोणत्या शब्दाचा अर्थ कोणता, हे वेगळा कोश न उघडता कळते. एक रकाना हाताने झाकला की दुसऱ्याची परीक्षा घेता येते. पुस्तकाचे भागही असेच विचारपूर्वक केलेले आहेत. वर्णानुक्रमाने दिलेली शब्दयादी आहे. विषयवार शब्दांचे वर्ग आहेत. इसापच्या गोष्टी, ट्रॉयच्या युद्धाचा सारांश आणि सम्राट हेड्रियनचे निवाडे असे छोटे वाचनपाठ आहेत. आणि सर्वांत मोलाचा भाग म्हणजे दिनक्रमाचे संवाद.

विषयवार वर्गांचा क्रम पाहिला तर ‘अमरकोश’ पाठ केलेल्या कोणासही तो ओळखीचा वाटेल. अमरसिंहाने स्वर्गापासून आरंभ केला. येथेही देवदेवता आधी येतात. मग नक्षत्रे, वारे, देवळे, शरीराचे अवयव, अन्न, पेये, भाज्या, मासे, पक्षी, वस्त्रे, भांडी, नौका असे शब्द वर्गावर्गाने उतरत जातात. दोन्ही ग्रंथांत परस्परसंबंध शोधण्याचे कारण नाही. जगातल्या वस्तू मुलाच्या स्मरणात राहाव्यात म्हणून त्यांची कुळे पाडावी लागतात, हे दोन्हीकडच्या शिक्षकांना आपापल्या अनुभवाने कळले होते, इतकेच. फरक एवढाच, की अमरकोश पद्यात आहे आणि पाठांतराच्या बळावर उभा आहे. रोमन पुस्तकाने त्यापुढे जाऊन ते शब्द एका चालत्याबोलत्या दिवसात ओवले.

तो दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. मुलगा जागा होतो आणि दासाला हाक मारतो. वहाणा मागतो, पायांना गुंडाळावयाची वस्त्रे मागतो. हात-तोंड धुण्यासाठी पाणी येते, मग पुसावयास पंचा. अंगरखा चढतो, केस विंचरले जातात, वरून पांढरा झगा येतो. दाई आणि ‘पायदागोगोस’ म्हणजे मुलाला शाळेत पोचविणारा व त्याच्यावर लक्ष ठेवणारा दास, यांच्यासह तो आईवडिलांना अभिवादन करावयास जातो आणि मग शाळेची वाट धरतो. शाळेत शिक्षकाला नमस्कार, सोबत्यांना नमस्कार. दास त्याच्या हाती मेण लावलेल्या पाट्या व लेखणी देतो. आपल्या जागेवर बसून तो मेण घोटून सारखे करतो, वरचा कित्ता पाहून खाली लिहितो, आणि शिक्षकाला दाखवून दुरुस्त करून घेतो. धाकटी मुले अक्षरे व बाराखडीसारखे जोड गिरवीत असतात, मोठी मुले वाचनाचा धडा घेतात. चांगले म्हणणाऱ्यास शाबासकी आणि चुकणाऱ्यास छडी, हा न्याय तेथेही आहे. दुपारी मुलगा घरी जेवावयास जातो. पांढरी भाकरी, ऑलिव्हची फळे, चीज, सुके अंजीर, अक्रोड-बदामांसारखी कवचाची फळे आणि वर गार पाणी, एवढे त्याचे जेवण. जेवून तो पुन्हा शाळेत येतो, तो शिक्षक वाचीत बसलेलेच असतात आणि पहिल्यापासून आरंभ करावयास सांगतात.

या साऱ्यात घटना म्हणून काहीच घडत नाही, आणि हेच या पाठाचे सामर्थ्य आहे. जे मूल रोज सकाळी वहाणा मागते, त्याला वहाणांसाठी असलेला परका शब्द शिकविण्यासाठी कथानकाची गरज नसते. त्याची सकाळच त्याला तो धडा देते. शिक्षकांनाही या सांगाड्याचा मोठा उपयोग झाला. पिढ्यानपिढ्या नवे शब्द त्यात घातले गेले. म्हणून काही प्रतींत मुलगा एखादी वस्तू मागण्याऐवजी त्या जातीच्या सगळ्याच वस्तूंची नावे घेतो, आणि एका जेवणात अख्खी मंडई ताटात आल्याचा भास होतो. वाचकाला ते हास्यास्पद वाटले तरी विद्यार्थ्याची शब्दसंपत्ती त्यामुळे वाढत होती.

मुलांच्या दिवसाबरोबरच प्रौढांचा दिवसही या पुस्तकांत आहे. त्यात सार्वजनिक स्नानगृह आहे: कपडे काढणे, चोर येतील म्हणून ते सांभाळणाऱ्या दासाला झोपू नकोस असे बजावणे, अंगाला तेल चोळणे, घामाची खोली, ऊन व थंड पाण्याचे हौद, आणि शेवटी वाकड्या पट्टीने अंग निपटणे. त्यात आजारी मित्राला भेटावयास जाणे आहे, कर्ज काढणे आहे, न्यायालयातील वाद आहे, बाजारातील घासाघीस आहे, हातघाईवर आलेले भांडण व त्यातील शेलक्या शिव्याही आहेत. मद्यपान करून आलेल्या गृहस्थाला दुसऱ्या दिवशी ऐकावी लागणारी कानउघाडणीसुद्धा संपादकांनी वगळलेली नाही. परक्या गावात उतरलेल्या माणसास नेमके काय बोलावे लागते, याचा हा अचूक अंदाज होता.

हे प्रौढांचे संवाद मुख्यतः उलट दिशेच्या विद्यार्थ्यांसाठी असावेत, असे या पुस्तकांच्या आधुनिक संपादिका एलेनॉर डिकी यांनी दाखवून दिले आहे. शाळेचे प्रसंग पश्चिमेकडे, लॅटिन बोलणाऱ्या मुलांना ग्रीक शिकविण्यासाठी रचले गेले. प्रौढ व्यवहाराचे प्रसंग पूर्वेकडे, ग्रीक बोलणाऱ्यांना लॅटिन शिकविण्यासाठी. सैन्याची आणि रोमन कायद्याची भाषा लॅटिन होती, म्हणून पूर्वेकडील होतकरू तरुणास सरकारी नोकरी किंवा वकिली करावयाची झाल्यास तिची कास धरावी लागे. आजच्या लेबनॉनमधील बैरूत येथे त्यासाठी नामांकित विधिशाळा होती, इ. स. 551 च्या भूकंपात ते नगर कोसळले. दोन रकान्यांचे पुस्तक अशा रीतीने दोन्ही बाजूंनी वाचले जात होते. पुढे दोन्हीकडचे पाठ एकमेकांत मिसळले आणि आज उपलब्ध असलेले संवाद घडले.

या दिनक्रमात एक गोष्ट मात्र अस्वस्थ करणारी आहे. मुलाच्या तोंडची कितीतरी वाक्ये आज्ञार्थी आहेत: आण, दे, उचल, नेसव, दिवा लाव. ज्याला ही आज्ञा होते, तो दास. त्याला या पाठांत कामापुरतीच जागा आहे. आणि ऐतिहासिक सत्य असे, की रोमन घरांतील पुष्कळ दाया, पायदागोगोस आणि शिक्षक मूळचे ग्रीकभाषक दास किंवा दास्यमुक्त लोकच होते. जिंकून किंवा विकत आणलेल्या माणसांच्या तोंडून मालकाची मुले ती प्रतिष्ठित भाषा शिकत होती, आणि तिच्यातली पहिली वाक्ये त्यांच्यावरच हुकूम सोडण्यासाठी वापरीत होती. याच पुस्तकांच्या एका शाखेत दास्यमुक्तीच्या कायद्यावरील एक छोटे प्रकरणही दोन्ही भाषांत दिलेले आढळते. ज्या घरात हे पुस्तक उघडले जाई, त्या घरातील काही जणांच्या दृष्टीने तो केवळ भाषेचा धडा नव्हता.

भाषा घरात आहे की केवळ शाळेत, यावर तिचे भवितव्य अवलंबून असते, हे दाखविणाऱ्या दोन साक्षी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत. ऑगस्टिन हा इ. स. 354 मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी जन्मला. आपल्या आत्मनिवेदनात तो सांगतो, की लॅटिन त्याला दायांच्या लाडीगोडीत, हसतखेळत, भीतीशिवाय आली. ग्रीक मात्र शिक्षेच्या धाकाने घोकावी लागली, म्हणून होमरच्या गोड कथाही त्याला कडू लागल्या. पुढे लॅटिन ख्रिस्ती विचाराचा तो सर्वश्रेष्ठ आचार्य झाला. पण ग्रीकवर त्याचे प्रभुत्व कधीच बसले नाही. दुसरी साक्ष पाउलिनुसची. त्याचा जन्म इ. स. 376 च्या सुमारास मॅसिडोनियातील पेल्ला येथे झाला आणि तो वाढला बोर्दो येथील आजोबांच्या घराण्यात. घरातील ग्रीक दासांच्या बोलण्याने त्याच्या कानावर आधी ग्रीकच पडली होती. शाळेत होमर त्याला सोपा गेला. अडखळला तो लॅटिनमधील व्हर्जिलपाशी. दोघांच्या बुद्धीत फरक होता म्हणून असे झाले नाही. एकाच्या घरात ग्रीकमध्ये पाणी मागितले जात होते, दुसऱ्याच्या घरात नव्हते.

पाचव्या शतकात पश्चिमेकडील साम्राज्य कोसळले आणि ग्रीक बोलणाऱ्या दाया व शिक्षक यांना पोसणारी घरेही विरत गेली. पूर्वेकडे लॅटिनची गत वेगळी नव्हती. सम्राट जस्टिनियनचा प्रचंड विधिसंग्रह लॅटिनमध्ये सिद्ध झाला, पण इ. स. 535 मध्ये त्यानेच एक नवा कायदा, सर्वांना समजावा म्हणून आपण वडिलोपार्जित भाषा सोडून ग्रीकमध्ये काढीत आहोत, असे जाहीर केले. राज्यकारभारास लोकांची भाषा अखेर पत्करावी लागली. त्याच शतकाच्या अखेरीस, पुढे पोप झालेला ग्रेगरी हा रोमचा प्रतिनिधी म्हणून सुमारे सहा वर्षे कॉन्स्टँटिनोपलमध्ये राहिला, तरी आपणास ग्रीक येत नाही असे तो पत्रांतून सांगत असे. दोन रकान्यांमधली रेघ आता भिंतीसारखी उभी राहिली.

या काळात आपले पुस्तक टिकले, ते ख्रिस्ती मठांत. नवव्या-दहाव्या शतकांत पश्चिमेकडील साधूंनी त्याच्या प्रती केल्या. ज्या देवांना ते मानीत नव्हते त्यांची नावे, जी स्नानगृहे त्यांनी पाहिली नव्हती त्यांतील उपकरणे, आणि जी भाषा त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते तिच्यातले सकाळचे नमस्कार, ते श्रद्धेने उतरवीत राहिले. ग्रीक शब्दांत चुका पडल्या, कारण चूक ऐकणारा कान उरला नव्हता. दिनक्रमाच्या पुस्तकातून दिनक्रमच निघून गेला होता. त्याचा परिणाम केवढा दूरगामी झाला, हे पेट्रार्कच्या उदाहरणावरून दिसते. इ. स. 1354 मध्ये या विद्वान कवीच्या हाती होमरचे ग्रीक हस्तलिखित आले. त्याला अतोनात आनंद झाला, आणि ते आपल्याला वाचता येत नाही याचे तितकेच दुःखही झाले. इ. स. 1397 मध्ये मानुएल क्रिसोलोरास हा कॉन्स्टँटिनोपलचा पंडित फ्लॉरेन्सला शिकवावयास आला, तेव्हा कोठे ग्रीकचे अध्यापन तेथे पुन्हा स्थिर पायावर उभे राहिले. बोलणाऱ्या जिवंत माणसावाचून ते काम शतकानुशतके अडून राहिले होते.

विद्येच्या त्या पुनरुज्जीवनात या पुस्तकाकडेही लक्ष गेले. जर्मन पंडित कोनराड केल्टिस याने 1495 मध्ये श्पोनहाइमच्या मठात एका प्रतीची नक्कल केली; मूळ प्रत पुढे नाहीशी झाली, नक्कल व्हिएन्नात राहिली. 1573 मध्ये आंरी एस्तिएन या मुद्रकाने असे काही पाठ छापले. 1892 मध्ये गेओर्ग ग्योट्स याने उपलब्ध साहित्य एकत्र करून लॅटिन शब्दसंग्रहांच्या मोठ्या मालेत प्रसिद्ध केले. केल्टिसच्या नकलेतील संवाद छापून बाहेर येण्यास मात्र 1982 साल उजाडावे लागले. ते श्रेय ए. सी. डायोनिसोटी या संशोधिकेचे. एलेनॉर डिकी यांची इंग्रजी भाषांतरासह सिद्ध झालेली चिकित्सक आवृत्ती 2012 व 2015 मध्ये दोन खंडांत निघाली. महाकवींच्या मानाने या अनामिकाला फार उशिरा न्याय मिळाला.

इकडे ग्रीस देशात भाषा अखंड बोलली जात राहिली, आणि बोलली जात होती म्हणूनच बदलत राहिली. पाठ्यपुस्तकातील ‘हिदोर’ आजच्या ग्रीक घरात ऐकू येत नाही. तेथे पाण्याला ‘नेरो’ म्हणतात. ताजे पाणी या अर्थाच्या जुन्या जोडीतील ‘ताजे’ हा शब्दच पाणी बनून बसला. भाकरीचा ‘आर्तोस’ आता पावरोटीच्या दुकानाच्या पाटीवर आणि प्रार्थनेत आढळतो; जेवताना मागतात ते ‘प्सोमी’, मूळ अर्थाने घास. द्राक्षमद्य पाणी मिसळून घेण्याची जुनी चाल होती, तेव्हा मिश्रणवाचक शब्दावरून ते ‘क्रासी’ झाले. आणि घराला आजचा ग्रीक माणूस म्हणतो ‘स्पीती’. हा शब्द लॅटिन ‘होस्पितियुम’पासून, म्हणजे पाहुण्यांच्या उतरण्याच्या जागेच्या नावावरून आला आहे. दाराचा ‘पोर्ता’ही लॅटिनच. दोन रकान्यांतील शब्दांनी केव्हाच रेघ ओलांडून एकमेकांच्या घरी बिऱ्हाड केले होते. शाळेला लॅटिनमध्ये ‘स्कोला’ म्हणू लागले, तो शब्द ग्रीक. त्याचा मूळ अर्थ फावला वेळ!

असे काही प्रवासी शब्द आपल्या दारापर्यंतही आले आहेत. ग्रीक बोरूचा ‘कालामोस’ अरबी-फारसीच्या वाटेने ‘कलम’ होऊन मराठी दप्तरांत शिरला. ‘द्राख्मे’ या नाण्याचा ‘द्रम्म’ शिलाहार-यादवांच्या लेखांत दिसतो, आणि त्याचाच ‘दाम’ आज प्रत्येक बाजारात मोजला जातो. कमानदार छताची ‘कामारा’ लॅटिन व पोर्तुगीज तोंडांतून फिरून हिंदुस्थानी ‘कमरा’ झाली. यांपैकी एकही शब्द पंडितांनी सभा भरवून आणला नाही. लिहिणारे, विकणारे, घर बांधणारे हात एकमेकांना भेटले, म्हणून ते आले.

आपल्या प्रांताबाहेर राहणाऱ्या कोणत्याही भाषिक समाजाला या इतिहासाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ग्रंथालयात भाषा जतन होते, हे खरे. या पुस्तकाच्या हस्तलिखितांनीच ते सिद्ध केले आहे. पण जतन झालेली ती भाषा पेट्रार्कला वाचता आली नव्हती. त्या अनामिक शिक्षकाने एका ठिकाणी प्रस्तावनेदाखल सांगितले आहे, की अनेकांना दोन्ही भाषा बोलण्याची इच्छा असते, परंतु शब्दांच्या संख्येने ते गांगरून जातात, म्हणून आपण हे श्रम घेतले. त्याने उत्तर शोधले ते सकाळच्या पाण्यात, वहाणांत आणि दुपारच्या भाकरीत. ज्या घरांत तेवढे शब्द मुलांच्या तोंडी राहिले, तेथे महाकाव्यापर्यंतची वाट मोकळी राहिली. ज्या घरांतून ते गेले, तेथे महाकाव्य फडताळात असूनही मिटलेलेच राहिले.